अळंब्यांची आच

ब्लाझेना ओर्सागोवा थकलेली होती, आणि ती काही आजची थकलेली नव्हती. आमच्या ओल्शीनेकमध्ये कुणी तिला "कशी आहेस?" विचारलं की ती "चाललंय" म्हणायची, आणि ते "चाललंय" असं काही ओढून म्हणायची की विचारणाऱ्यालाच खाली बसावंसं वाटावं. घरी नवरा मेतोदेय. जन्मभर टायरच्या काजळीत काम करून त्याच्या फुप्फुसांची चाळण झालेली, त्यामुळे ऑक्सिजनचं यंत्र स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी घुरघुरत असायचं. सकाळी त्याला औषध द्यायचं, दुपारचं झाकून ठेवायचं, बस पकडायची, खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या रादिमच्या कारखान्यात दिवस काढायचा, परत बस. पेन्शनला दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांकडे ती चढणीवरच्या शेवटच्या वळणाकडे बघावं तशी बघायची.

रादिमच्या कारखान्यात दवाखान्यांसाठी प्लॅस्टिकचे ट्रे बनायचे, कात्र्या-चिमटे ठेवून वाफेच्या पेटीत घालायचे. ब्लाझेना तिथे तपासणीच्या खोलीत. काम ऐकायला सोपं. कारखान्यात आलेल्या कच्च्या प्लॅस्टिकचा चिमूटभर तुकडा कापायचा, नखाएवढ्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत दाबून बसवायचा, यंत्रात ठेवायचा, आणि हळूहळू तापवत तो किती उष्णता पितो ते पडद्यावर बघायचं. वितळायला लागला की अधाशासारखा पितो, रेघ वर चढते. वितळून झाला की रेघ खाली येते. झालं. रोज तेच. डोळे मात्र जातात.

आता हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. कारखान्यात सगळे पीपी म्हणतात, आपणही तेच म्हणू. साच्यातून बाहेर पडतं तेव्हा ते घाईघाईत थंड झालेलं असतं. त्याच्या आतल्या लांबच लांब साखळ्यांतल्या काही घड्या घालून बसतात, बाकीच्या तशाच गुंतून पडतात. आणि ज्या घड्या पडतात त्याही पातळ, कशातरी. पाहुणे दारात आले म्हणून कपाटात कोंबलेले कपडे असतात ना, तसं. वरून सगळं छान, दार उघडलं की अंगावर! पातळ घड्या आधी मऊ पडतात, आणि असा ट्रे दवाखान्याच्या वाफेत गेला की त्याचं तोंड वाकडं झालंच म्हणून समजा. म्हणून ट्रे आधी भट्टीत ठेवायचे. वितळणार नाहीत, पण घड्या पुन्हा नीट घालायला सवड मिळेल अशा आचेवर. एकशे चाळीस अंश. मग भट्टीचं दार न उघडता आतल्या आतच सावकाश थंड होऊ द्यायचे. जाड झालेल्या घड्या उशिरा वितळतात आणि ट्रे सरळ राहतो.

यात एक गंमत आहे, आणि पुढचं सगळं रामायण त्या गमतीपायी घडलं. पीपी ज्या आचेवर खूप वेळ बसवून ठेवाल, त्याच्या दहाएक अंश वर त्याच्या रेघेत एक छोटासा उंचवटा येतो. मला इतक्यावर ठेवलं होतं बरं का, असं ते स्वतःच सांगतं. पण नंतर त्याहून मोठी आच लागली की आधीची खूण पुसली जाते, मोठीचीच तेवढी राहते. आणि पुरतं वितळवलंत तर काहीच राहत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पीपीचा जातो.

भट्टी वेंदेलीनची होती. म्हणजे मालकाचीच, पण वेंदेलीन माखालाने ती इतकी वर्षं सांभाळली होती की रादिमसुद्धा "काका, भट्टी मोकळी आहे का?" असं विचारून मगच पुढे व्हायचा. वेंदेलीन आणि ब्लाझेना शाळेत एका बाकावर बसलेले. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस; घरी तो आणि बायको युस्तिना. भट्टीत माल असला की तो आपला जाड हातमोजा दाराच्या मुठीला अडकवून ठेवायचा. मोजा दिसला की हात लावायचा नाही, हे लहान पोरालाही ठाऊक.

आणि भट्टी गावाचीही होती. बाहेरच्याला हे सांगितलं तर तो हसेल, पण आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सप्टेंबरात पावसामागून ऊन पडलं की जंगलात अळंब्या फुटतात आणि अख्खं गाव टोपल्या घेऊन डोंगरात पळतं. आणलेल्या अळंब्या चिरून वाळवायच्या कुठे? चुलीवर वाळवायच्या म्हटल्या तर अर्ध्यांत किडे. मग शुक्रवारी शेवटचा माल निघाला की भट्टी पंचावन्न अंशांवर आणायची, वरच्या जाळ्यांवर अळंब्या पसरायच्या, शनिवारी उजाडता उजाडता कुडकुडीत वाळलेल्या घरी न्यायच्या आणि आचेचा काटा होता तिथे परत फिरवून ठेवायचा. घरागणिक पाळी लागायची. रादिमच्या सासूबाईंचीही पाळी असायची, आणि त्या तर दोनदा घ्यायच्या. नाताळच्या आदल्या दिवशी जवाच्या भातात अळंब्या नसल्या तर तो नाताळ कसला?

ऑक्टोबर लागता लागता डोंगरापलीकडच्या एका दवाखान्याकडून ट्रे परत आले. खोकीच्या खोकी. वाफेतून काढले तेव्हा वाळलेल्या पानांसारखे वळलेले. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारच्या, एकाच खेपेचे सगळे.

रादिम वाकडा ट्रे घेऊन ब्लाझेनाच्या खोलीत आला आणि तो टेबलावर आपटला. तो डुगडुगत राहिला.

"मावशी, हे बघा. पाळणा झालाय याचा."

"बघते."

"माल वाईट होता का भट्टी लागली नाही, एवढंच सांगा मला. त्यांना उत्तर द्यायचंय. आणखी एकदा असं झालं की ते दुसरीकडे जातील, मग आपण सगळे अळंब्या विकायला बसू."

ब्लाझेनाने तुकडा कापला, तापवला, रेघ पाहिली. वितळण्याच्या जरा अलीकडे उंचवटा होता. पण दवाखान्याच्या वाफेची आच भट्टीच्या आचेच्या जवळपासच. उंचवटा भट्टीचा का वाफेचा, हे त्यावरून सांगता येत नव्हतं, आणि त्याखालचं जे काही असेल ते वाफेने केव्हाच पुसून टाकलेलं. ती तसं म्हणाली. खरं तेच म्हणाली.

रादिमने वेंदेलीनला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन दाराशीच उभा राहिला.

"काका, त्या शुक्रवारी भट्टी लावली होतीत ना?"

"लावली होती." मग जरा थांबून म्हणाला, "लावली होती असं मला आठवतंय."

"आठवतंय म्हणजे? लावली होती का नव्हती?"

"एकशे चाळीसवर ठेवली, घड्याळ फिरवलं, मोजा अडकवला. सगळं दिसतंय मला डोळ्यांपुढे." वेंदेलीनने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "पण आईलाही दिसायचं, रादिम. गाय दोहून आले म्हणायची. गाय विकून जमाना झाला होता. आम्ही हसायचो."

ब्लाझेनाने यंत्राकडे तोंड फिरवलं.

"परवा मी बसचा पास शोधत होतो," वेंदेलीन म्हणाला, "आणि तो माझ्या हातातच होता. युस्तिना म्हणते, असं सगळ्यांचं होतं. सगळ्यांचं होत नाही. मला काढ तू. आज ट्रे वाकले, उद्या कुणाचा हात भाजेल. ते ओझं मला नको."

"अहो काका, असं एकदम..."

"काढ म्हणतो ना!"

रादिमला सुटल्यासारखं वाटलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. माणूस वाईट नाही. पण दवाखान्याला द्यायला उत्तर हवं होतं आणि उत्तर स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं. त्याने लिहून टाकलं की कामगाराकडून चूक झाली, कामगाराला दूर केलं आहे. वेंदेलीनला फुलं दिली, एक घड्याळ दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो भट्टीला हात लावून घरी गेला.

मग नोव्हेंबर लागायच्या आधीची गोष्ट. प्रत्येक खेपेतला एक ट्रे ब्लाझेनाच्या कपाटात ठेवलेला असतो, कधीच वाफेत न गेलेला. तो तपासायला कुणी सांगितलं नव्हतं. प्रकरण मिटलं होतं. पण तिला वाटलं, मालातच खोट निघाली तर वेंदेलीनला तेवढं तरी सांगता येईल की बाबा रे, तुझी चूक नव्हती. मैत्रिणीने एवढंही करू नये का? तिने ट्रे काढला, तुकडा कापला, वाटी यंत्रात ठेवली आणि चहा करायला गेली.

परत आली तेव्हा रेघ निम्म्याच्या पुढे गेली होती. मालात खोट नव्हती. एकशे चाळीसची खूण नव्हती, म्हणजे भट्टी खरंच लागली नव्हती. पण खाली, पार खाली, पासष्टच्या आसपास एक उंचवटा होता. बुटका, गोल, स्पष्ट.

ब्लाझेना कप हातात धरून उभी राहिली. पासष्टला उंचवटा म्हणजे हे ट्रे रात्रभर पंचावन्नवर बसले होते. कारखान्यातलं कुठलंच काम पंचावन्नवर होत नाही. पंचावन्नवर फक्त अळंब्या वाळतात. आणि त्या शुक्रवारी पाळी तिची होती.

मग एकेक गोष्ट सरळ तिच्यापुढे येऊन बसली. त्या दिवशी मेतोदेयला दुपारी धाप लागली होती, डॉक्टर येऊन गेला होता. दोन टोपल्या अळंब्या चिरून तयार होत्या, दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिल्या असत्या तर किड्यांचं माहेरघर. संध्याकाळी ती शेजाऱ्याच्या गाडीतून धावतपळत कारखान्यात आली. भट्टीच्या दाराला हात लावला तर कोमट. वाटलं, माल निघण्यापुरता थंड होत आलाय, ट्रे आत निवतायत. ती थंड होत नव्हती, नुकती तापायला लागली होती! कोमटपणा चढताना आणि उतरताना हाताला सारखाच लागतो. पंखा दोन्ही वेळेला चालूच असतो. आणि मुठीला मोजा होता. होता! तिने तो पाहिला होता. पाहून मनात म्हणाली होती, "वेंदेलीन म्हातारा झाला. मोजा काढायचा विसरला." मोजा बाजूला ठेवून तिने काटा खाली आणला, ट्रेच्या वरच्या जाळीवर अळंब्या पसरल्या. सकाळी येऊन अळंब्या काढल्या, काटा परत एकशे चाळीसवर, भट्टी बंद, मोजा मुठीला. सोमवारी वेंदेलीनने गार झालेले ट्रे नेहमीसारखे काढले.

चहा पुरता निवला तेव्हा तिने तो बेसिनमध्ये ओतला. ट्रे कपाटात परत ठेवला आणि कपाट लावून घेतलं.

ती कुणाला काही बोलली नाही. बोलायचं कसं, ते सुचत नव्हतं असं नाही. अंगात त्राणच नव्हतं. नोकरी गेली तर? दोन वर्षं. मेतोदेयचं यंत्र. तिच्या वयाच्या बाईला कोण काम देणार? आणि वेंदेलीनने स्वतःच कबूल केलं होतं ना? तो घरी आरामात बसलाय. असं ती मनाशी म्हणायची आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची. कारण वेंदेलीन आरामात नव्हता, हे गावात सगळे सांगत होते.

तो दिसला मृतांच्या दिवशी, स्मशानात. त्या दिवशी सगळं गाव थडग्यांवर दिवे लावायला जातं. ब्लाझेना सासू-सासऱ्यांच्या थडग्यावरची पानं झाडत होती आणि दोन ओळी सोडून वेंदेलीन आईच्या दगडापुढे उभा होता. त्याच्या हातात काडेपेटी होती, पण मेणबत्त्या युस्तिना लावत होती.

"काय रे, कसा आहेस?" ब्लाझेनाने विचारलं.

"कारखान्यात पहिल्या ओळीत सहा यंत्रं," तो म्हणाला. "मोठा, दोन हिरवे, इटालियन, लंगडा आणि खिडकीचा. बरोबर?"

"बरोबर."

"रोज सकाळी म्हणतो. म्हणजे अजून आहे." तो कपाळाला बोट लावून म्हणाला. "करवत चालवायची सोडली. गाडीची किल्ली युस्तिनाला दिली. गॅससुद्धा पेटवत नाही मी, तिला विचारल्याशिवाय." मग आईच्या दगडाकडे बघत म्हणाला, "तिचंही असंच सुरू झालं होतं, ब्लाझेना. आधी एक गोष्ट. एकच. आपण म्हणतो, एकदा होतं. तीच पहिली असते. रात्री मी ती भट्टी परत परत लावतो, आणि दर वेळी लागते गं. दर वेळी एकशे चाळीसवर लागते. मग ते ट्रे आठवतात."

युस्तिना वाकून काडी ओढत होती, तिने मान वर केली नाही. ब्लाझेनाच्या तोंडात शब्द आला होता. अगदी दातांपर्यंत आला होता. मागून फादर आले, सगळ्यांनी टोप्या काढल्या, प्रार्थना सुरू झाली. शब्द राहून गेला. काही म्हणा, भ्यायलेल्या माणसाला देवाचं निमित्तही पुरतं.

रविवारी तिने आंबट कोबीचं सूप केलं, त्यात त्याच अळंब्या. मेतोदेयने चमचा खाली ठेवला.

"यात मीठ नाहीये."

"विसरले."

"मग घाल. रडतेस काय त्यात?"

तेव्हा तिने सांगितलं. सगळं. मेतोदेय नळी सावरत ऐकत राहिला आणि मग चिडला. चिडला की त्याला खोकला येतो, त्यामुळे तो अर्धाच चिडू शकतो.

"गप्प बस. एक अक्षर बोलू नकोस. दोन वर्षं राहिलीत तुझी. तो कबूल झाला, मालक खूश, दवाखाना खूश. तू कोण लागून गेलीस आगीत हात घालणारी?"

"त्याला वाटतंय तो आईसारखा वेडा होणार."

"मग होईल नाही तर नाही होणार. तुझ्या सांगण्याने होतं काय?"

तिने उठून भांडी घासली. सकाळी बसला निघताना मेतोदेयने हाक मारली.

"ऐक. रात्रभर उसासे टाकत होतीस. ऑक्सिजन मला लागतो का तुला? जा, सांगून टाक एकदाचं. त्या अळंब्या माझ्याही घशाखाली उतरत नाहीत आता."

रादिमने रेघ पाहिली. ब्लाझेनाने बोट ठेवून उंचवटा दाखवला आणि मोज्यापर्यंत सगळं सांगितलं. तिने कोट काढलाच नव्हता. लगेच घरी जावं लागलं तर, म्हणून.

रादिम खुर्चीत मागे रेलला, डोळे चोळले. तोही थकलेला होता, हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

"अळंब्या," तो म्हणाला. "दवाखान्याच्या ट्रेवर अळंब्या. मावशी, हे बाहेर कळलं ना, तर कारखान्याला कुलूप लागेल. तुमची पाळी, सासूबाईंची पाळी... मीही खाल्ल्यात की त्या."

"मला काढ. वेंदेलीनला परत घे."

"तुम्हाला काढून हे यंत्र कोण चालवणार? मी?" तो हसला, पण त्यात हसणं नव्हतं. "आणि काकांना काय म्हणून परत घेऊ? दवाखान्याला कळवून झालंय. भट्टीला मी आपोआप चालणारा काटा मागवलाय, कुलपाचा. आता कुणी खाली आणूच शकणार नाही. माणूस लागत नाही तिथे."

"म्हणजे लिहिलेलं तसंच राहणार?"

"तसंच राहणार. तुम्ही त्यांना घरी जाऊन सांगा. ते तुम्हीच सांगायला हवं. कोट काढा आधी, उकडतंय."

म्हणजे शिक्षा काहीच नाही. ब्लाझेनाला वाटलं होतं, निदान ओरडेल तरी. त्याने ओरडायचेही कष्ट घेतले नाहीत, आणि ती संध्याकाळपर्यंत वाट्या भरत बसली.

काम सुटल्यावर ती बसने घरी न जाता चढण चढून माखालांच्या घरी गेली. दार युस्तिनाने उघडलं. वेंदेलीन स्वयंपाकघरात अक्रोड फोडत होता. पुढे टोपलं, मांडीवर फडकं. ब्लाझेनाने खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"वेंदेलीन, ती भट्टी तू लावली होतीस."

त्याने हातोडी खाली ठेवली.

"तू लावली होतीस. मी संध्याकाळी येऊन खाली आणली. अळंब्यांसाठी. मला वाटलं, निवत आलीय. कपाटातला ट्रे तपासला, त्यात दिसतंय. रात्रभर पंचावन्नवर होती. तुझी चूक नाही. माझी."

तो बघतच राहिला. मग म्हणाला, "मोजा?"

"अडकवला होतास. मी काढला. सकाळी परत लावला."

"अडकवला होता?"

"हो रे बाबा. मी बघून काढला. तू विसरलास असं वाटलं मला."

"परत सांग."

तिने परत सांगितलं. काटा, घड्याळ, मोजा. वेंदेलीन उठला, मांडीवरची टरफलं जमिनीवर सांडली, तिकडे त्याने पाहिलंच नाही.

"गाढवीण!" तो ओरडला. "बिनडोक बाई! शाळेतही माझी दौत तूच सांडलीस आणि मार मी खाल्ला!" आणि त्याने तिला दोन्ही दंडांना धरून गदागदा हलवलं, आणि मग तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "युस्तिना! ऐकलंस? लागली होती! एकशे चाळीसवर लागली होती! मी सांगत होतो की नाही? मला दिसत होतं, दिसत होतं मला!"

"ऐकलं," युस्तिना म्हणाली.

"बस, ब्लाझेना, बस. आता आपली आलुबुखारची स्लिवोवित्से. ती म्हातारी बाटली आणतो. अगं, बस ना!" आणि तो तळघराच्या पायऱ्या तरण्यासारखा उतरत गेला. खालून त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

ब्लाझेना बसली. त्याने शिव्या दिल्या होत्या, पण राग धरला नव्हता, आणि हे तिला सोसत नव्हतं.

"त्याला परत घेत नाहीयेत," ती म्हणाली. "मी खूप..."

"असू दे." युस्तिना केरसुणीने टरफलं गोळा करत होती. आवाज हळू होता. "गेल्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. सुरू झालंय म्हणाले. आईचंच."

ब्लाझेनाला आधी कळलंच नाही. "पण भट्टी तर..."

"भट्टी लावलीच असेल त्याने. कामावर होता तोवर ठीक होता गं. सकाळी उठायचा, डबा घ्यायचा, हात आपोआप चालायचे. त्या भट्टीने धरून ठेवलं होतं त्याला. घरी बसला आणि भराभर खाली आला." तिने केर सुपलीत भरला. "डॉक्टरांचं त्याला सांगितलं मी. संध्याकाळभर रडला. सकाळी उठून मला विचारतो, डॉक्टर काय म्हणाले? दुसऱ्यांदा नाही सांगितलं. कोण सांगेल?"

तळघरात बाटल्या किणकिणल्या. तो काहीतरी शोधत होता.

"हेही परवापर्यंत जाईल," युस्तिना म्हणाली. "भीती तेवढी जात नाही. ट्रे वाकले हे रोज आठवतं त्याला. ब्लाझेना, काम सुटल्यापासून आज पहिल्यांदा ओरडला तो. तू रविवारी परत येशील? असंच सांगशील, सगळं? माझ्याकडून त्याला खरं वाटायचं नाही. मी बायको आहे, मी समजूतच घालणार."

ब्लाझेनाने मान हलवली. रविवारीच कशाला, बुधवारीही आली असती. दर वेळी तिलाच ते पहिल्यापासून सांगावं लागणार होतं, दर वेळी मोजा तिनेच काढला असणार होता, आणि दर वेळी ते त्याच्यासाठी नवंकोरं असणार होतं.

पायऱ्यांवर पावलं वाजली. वेंदेलीन वर आला तो एका हातात धूळभरली बाटली आणि दुसऱ्या हातात बोटांत धरलेले तीन ग्लास घेऊन. चेहरा उजळलेला. त्याने ग्लास भरले, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत आपला ग्लास टेकवला, एका घोटात रिकामा केला आणि खुर्ची ब्लाझेनाच्या अगदी जवळ ओढून बसला.

"हं," तो म्हणाला. "आता सावकाश सांग. तू दारापाशी आलीस, आणि मोजा होता."

"मोजा होता," ब्लाझेना म्हणाली.